वरवंट्याच्या दाढेतले किडे

रविवारी सकाळी बंद पडलेल्या भाताच्या गिरणीपुढे इतकी गर्दी जमली होती, की डोंबिवलीच्या आसपास एवढी माणसं राहतात याचंच सुमतीबाईंना नवल वाटलं. साल १९५५. स्टेशनच्या पूर्वेला चार आळ्या संपल्या की भाताची खाचरं सुरू व्हायची, आणि रस्त्यात अनोळखी माणूस दिसला तर लोक थांबून त्याची चौकशी करायचे. आज मात्र कल्याणहून, ठाण्याच्या कोपरीहून, शीळफाट्यापलीकडच्या गावांतून माणसं आली होती. कुणी गाडीनं, कुणी बैलगाडीनं, कुणी चालत. आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक हात गालावर होता.

गिरणीच्या ओट्यावर सहदेवबाबा बसले होते. कपाळभर भस्म, गळ्यात कवड्यांची माळ. पुढ्यात पाणी भरलेली पितळी परात, परातीत मधोमध वीट, विटेवर तापवून लाल केलेला लोखंडी पत्रा. पत्र्यावर बाबा चिमूटभर 'विभूती' टाकत आणि लगेच त्यावर एक मडकं पालथं घालत. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात बांबूची हातभर नळी. रोग्यानं नळीचं टोक दाढेशी धरायचं आणि डोळे मिटून धूर घ्यायचा. बाबा मंत्र पुटपुटत. मग मडकं उचललं जाई, आणि परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, काळ्या डोक्याचे किडे तरंगत असत.

"सात!" दौलत ओरडायचा. हा गिरणीचा जुना राखणदार. चिंचेच्या काडीनं किडे मोजणं हे त्याचं काम. सातचा आकडा ऐकला की गर्दीतून हाऽ असा आवाज उठे.

"दात दुखतो म्हणता," बाबा बोलायला लागले की थांबत नसत. "अरे, दात कसा दुखेल? दात म्हणजे हाड. हाड कधी रडलंय का? रडवतो तो आतला किडा. दंतकिडा, दाढकिडा, गालकिडा, कानकिडा. सात जाती, एकवीस पोटजाती. डॉक्टर काय करतो? घरात उंदीर झाले म्हणून घरच पाडतो. आपण घर राखतो, उंदीर काढतो. आणि खोटं वाटत असेल तर हे बघा, हायस्कुलाचे सायन्सचे मास्तर. ज्यांनी जन्मभर बेडूक कापले, त्यांच्या गालातून मी अकरा किडे काढले."

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेतल्या एकमेव खुर्चीकडे वळल्या. खुर्चीत प्रभाकर मास्तर बसले होते, म्हणजे सुमतीबाईंचे यजमान. मास्तरांनी मान खाली घातली.

बेडकाची ही गोष्ट सुमतीबाई पाचव्यांदा ऐकत होत्या. शिवाय ती खोटी होती. मास्तरांनी जन्मात बेडूक कापला नव्हता. त्यांना रक्त बघवत नसे. पण परातीतले अकरा किडे मात्र मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांची पंचाईत होती ती इथंच.

मास्तरांचं दुखणं दोन वर्षांचं. उजव्या गालात, नाकपुडीपासून जबड्यापर्यंत, अचानक कळ यायची. काही सेकंदांचीच, पण तेवढ्यात धडधाकट माणूस भिंतीला टेकायचा. घास चावला की कळ, वारा लागला की कळ, चूळ भरली की कळ, चार वाक्यं बोलली की कळ. बोलण्यावर पोट असलेला माणूस वर्गात मुका झाला, धडे फळ्यावर लिहून देऊ लागला. वस्तरा लागला की वीज कडाडायची, म्हणून त्यांनी उजव्या गालाची दाढी करणंच सोडलं. पोरं म्हणायची, मास्तर डावीकडून मास्तर आणि उजवीकडून बैरागी. मास्तरांनाही हे कळलं होतं आणि एरवी ते हसलेही असते, पण हसलं तरी कळ यायची.

आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दाढ काढली, थोडे दिवस बरं वाटलं. पुन्हा कळ, पुन्हा दाढ. दोन्ही दाढा चांगल्या धट्ट्याकट्ट्या निघाल्या. शेवटी कोणीतरी कोपरीच्या डॉक्टर गुरुदत्त नाडकर्णींचं नाव सांगितलं. नाडकर्णींनी तोंडात न बघता नुसतं विचारून घेतलं, आणि मग म्हणाले, "मास्तर, दातांचा काही दोष नाही. चेहऱ्याची जाणीव मेंदूला पोचवणारी एक नस असते, ती दुखतेय. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया."

"उपाय?" मास्तरांनी पाटीवर लिहिलं. ते पाटी घेऊनच गेले होते.

"चार आहेत," नाडकर्णी म्हणाले. "फिट येणाऱ्यांना देतात त्या गोळ्या. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. चक्कर येते, हिरड्या सुजतात. दुसरं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नसेत स्पिरिटचं इंजेक्शन. कळ जाते, पण तेवढा गाल बधिर होतो. वर्ष-दीड वर्षानं बधिरपणा ओसरतो, तेव्हा कळ परतही येते. तिसरं ऑपरेशन. नस मुळाशी कापायची. दुखणं बहुधा कायमचं जातं, बधिरपणा मात्र कायमचा राहतो, आणि डोळ्याला जपावं लागतं, कारण डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही. चौथं म्हणजे वाट बघणं. ही कळ मधूनच आपोआप गप्प बसते, कधी चार-सहा महिनेसुद्धा. मग परत येते."

"यातला खात्रीचा कोणता?"

"खात्रीचा एकही नाही."

उत्तर खरं होतं, आणि नेमकं म्हणूनच मास्तरांना ते रुचलं नाही. गोळ्यांची चिठ्ठी कोटाच्या खिशातच राहिली. पुढच्या महिन्यात गिरणीत सहदेवबाबा अवतरले. त्यांच्याकडे उपाय एकच होता, त्यात धोक्याचा काटा नव्हता आणि खात्री सोळा आणे होती. ज्या माणसानं वर्गात बावीस वर्षं "पुरावा काय?" असं विचारलं, तो एका रविवारी मान खाली घालून नळीपुढे जाऊन बसला. सुमतीबाईंना तेव्हा रागापेक्षा वाईट वाटलं. एवढं दुखत असेल तर माणूस काय करील, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या.

आणि तिसऱ्या दिवशी कळ थांबली. खरोखर थांबली. मास्तर पोटभर जेवले, उजव्या गालाची दाढी केली, वर्गात तासभर बोलले. दोन महिने घरात दिवाळी होती. बाबांची कीर्ती कल्याणपर्यंत गेली ती मास्तरांमुळे. दाढदुखीचे किडे काढणारे पुष्कळ असतात, पण सायन्सच्या मास्तराला पावलेला एकच.

दहा दिवसांपूर्वी मात्र चूळ भरताना एक बारीक चमक आली होती. मास्तर घाबरून बाबांकडे धावले होते. त्याचा निकाल बाबांनी आज भर गर्दीत लावला.

"मास्तरांच्या गालात राणीकिडा राहिलाय," बाबा म्हणाले. "तो धुराला दाद देत नाही. पुढच्या रविवारी तापल्या सळईनं डोळ्याखाली डाग देणार. राणी जळली की वंश खुंटला. पण एक लक्षात ठेवा, मध्ये डॉक्टरची गोळी लागली, सुई लागली, तर माझी विद्या उलटेल."

दौलतनं काजळाच्या बोटानं मास्तरांच्या डोळ्याखाली, हाडाच्या कडेवर, एक ठिपका काढला. डोळ्यापासून बोटभर अंतरावर. सुमतीबाईंनी ते अंतर नजरेनं मोजलं. डोळा गेला तर हा माणूस वाचणार काय आणि शिकवणार काय? आणि मास्तर तर होकाराची मान हलवत होते.

निघताना त्या प्रसादाला वाकल्यासारख्या परातीशी वाकल्या. एक किडा आणि विटेलगत सांडलेले चार चपटे दाणे त्यांनी पदराच्या टोकात घेतले.

घरी आल्यावर त्यांनी मास्तरांचं भिंग काढलं. किड्याला पाय नव्हते. तोंड नव्हतं. काळं डोकं म्हणजे नुसतं करपलेलं टोक होतं. मोड आलेले मूग आणि मटकी पंचवीस वर्षं उपसलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? हा किडा नव्हता, कोंब होता. पण कशाचा?

ते सांगितलं रंगूबाईनं. रंगूबाई खाडीकडच्या गावातून भाजी घेऊन दारावर यायची. दाणे तळहातावर घेऊन ती म्हणाली, "बाय, यो तं रिंगनीचा बी. काटेरी झाड नाय का, पिवली फलं येतान त्याला. आमचे बांधाव ढीगभर हाय. गुरां पन तोंड लावत नाय."

"दुपारी थोडी आणून देशील?"

"आनीन. पन त्याची भाजी नको करू, बाय. कडू जहर लागंल."

बिया आल्या. पहिल्यांदा तव्यावर नुसत्याच करपल्या. दुसऱ्यांदा सुमतीबाईंनी त्या तासभर भिजवल्या, तेलाचा हात लावला, आणि परात, वीट, तापलेला उलथन्याचा पत्रा असा सगळा थाट मांडून वर मडकं पालथं घातलं. आत चट्‌चट्‌ आवाज झाला. मडकं उचललं तर पाण्यावर नऊ किडे. ना नळी, ना मंत्र, ना दाढ. बी तापलं की फुगून फुटतं आणि आतला वळकटी झालेला कोंब बाहेर उडतो, एवढंच होतं ते; बाबांच्या 'विभूती'त हेच बी मिसळलेलं असे. रंगूबाई उकिडवी बसून बघत होती. मग म्हणाली, "मी त्या बाबाला कोंबडी दिली. अंड्यावरची."

शुक्रवारी मास्तर शाळेतून आल्यावर सुमतीबाईंनी सगळा प्रयोग त्यांच्यापुढे केला. मास्तरांनी शांतपणे पाहिला. डोळ्याखालचा ठिपका अजून तसाच होता.

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "नळी तोंडाला आणि किडे परातीत. मधून उतरताना एकही कोणी पाहिला नाही."

"मग?"

"मग काय? किडे खोटे असतील. पण माझी कळ थांबली, ती खोटी होती का?"

खरं तर मास्तरांना किड्यांनी बांधलं नव्हतंच. त्यांना बांधलं होतं त्या दोन महिन्यांनी.

"मी आठवून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "तुमची कळ आजवर तीनदा थांबली. पहिल्यांदा गेल्या सालच्या आधीच्या श्रावणात. तेव्हा नुकती दाढ काढली होती, म्हणून आपण दाताच्या डॉक्टरांना पेढे दिले. दुसऱ्यांदा गेल्या मार्गशीर्षात. तेव्हा मी टिटवाळ्याच्या गणपतीला एकवीस चतुर्थ्या बोलले होते. तिसऱ्यांदा हे बाबा. दाढ, गणपती आणि धूर. तिन्हींत एक काय सारखं आहे, सांगा बरं?"

मास्तर बोटांवर मोजू लागले. उत्तर सुमतीबाईंनीच दिलं.

"प्रत्येक वेळी आपण दुखणं अगदी शिगेला पोचल्यावरच धावलो. कळ उतरायला लागणार तेवढ्यात ज्याच्या दारात उभे होतो, त्याला श्रेय दिलं. नाडकर्णी म्हणालेच होते, ती आपोआप गप्प बसते म्हणून."

"म्हणजे तुझा गणपतीही त्यातलाच?"

"गणपतीला मी जन्मभर नमस्कार करीन. पण साक्षीदार म्हणून त्याला उभं करणार नाही. त्याला बिचाऱ्याला इतर कामं आहेत."

मास्तर हसले, आणि हसता हसता गाल धरून खाली बसले. कळ गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "सुमती, तू म्हणतेस ते सगळं मला पटतंय. पण मी भितो. पटण्यानं कळ थांबत नाही. बाबा निदान थांबेल असं म्हणतो तरी. आणि दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो. आता कोणत्या तोंडानं शब्द फिरवू?"

माणसाला वेदना खाली बसवते आणि लाज उठू देत नाही. सुमतीबाईंना त्यांचा राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही न करता त्या पाटा-वरवंट्यापाशी जाऊन बसल्या. चटणी वाटता वाटता वरवंटा हातात थांबला. बारशाला आधी वरवंट्यालाच कुंची घालून पाळण्याखालून वरून फिरवतात आणि जमलेल्या बायका त्याला बाळ म्हणूनच हातोहात घेतात. त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.

रविवारी गर्दी दुप्पट होती. डाग बघायला लोक लांबून आले होते. दौलत भाता मारत होता, निखाऱ्यात सळई लाल होत होती. मास्तर खुर्चीत बसले होते, हात मांड्यांवर गच्च आवळलेले.

गर्दीतून वाट काढत सुमतीबाई आल्या. मागे रंगूबाई, तिच्या कडेवर कुंचीत गुंडाळलेलं बाळ. ओझं बरंच दिसत होतं, ती अधूनमधून कूस बदलत होती.

"महाराज," सुमतीबाई हात जोडून म्हणाल्या, "डाग मग द्या. आधी आमच्या घरातल्या ह्या लहानग्याचं बघा. दुधाचा थेंब घेत नाही, तोंड म्हणून उघडत नाही."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हे त्यांनी आदल्या रात्रीच तपासून घेतलं होतं.

बाबांना भर गर्दीत लहान मूल म्हणजे लाभच. "आणा, आणा. दात यायच्या आधीच कीड लागते हल्ली. आईनं चहा पिण्याचा परिणाम." बायका चुकचुकल्या. बाबांनी विभूती टाकली, मडकं झाकलं. "तोंडात नको, धूर लागेल. गालाशी धरा." रंगूबाईनं नळीचं टोक कुंचीच्या कडेला लावलं. मंत्र झाला. मडकं वर गेलं.

"पाच!" दौलत ओरडला.

"पाच," बाबांनी हात वर केला. "एवढ्याशा जिवाच्या हिरडीत पाच किडे. बघा, लेकरू कसं शांत झालंय. रडतंय का? आता कधी रडणार नाही."

"नाहीच रडणार," सुमतीबाई म्हणाल्या आणि कुंचीची नाडी सोडली.

काळाकुळकुळीत वरवंटा होता. टोकाला कालच्या चटणीतला खोबऱ्याचा कीस अजून चिकटलेला होता.

क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही. मग पहिल्यांदा हसल्या त्या बायका. वरवंट्याला कुंची घालणं काय असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एका म्हातारीनं तर पुढे होऊन त्याला कडेवर घेतलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलं गो याचं?" हशाची लाट ओट्यापासून रस्त्यापर्यंत गेली.

बाबा सहजासहजी हार जाणारे नव्हते. "हसू नका. दगडातही जीव असतो. ह्या वरवंट्यानं किडके लसूण वाटले असतील, त्यांचे किडे त्याच्या अंगात शिरले. माझी विद्या दगडालाही सोडत नाही, हे उलट सिद्ध झालं."

"मग आता दगडही नको," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी कनवटीची पुडी सोडून आपल्या बिया पत्र्यावर टाकल्या आणि मडकं झाकलं. नळी उपसून रंगूबाईच्या हातात दिली. "नळी नाही, मंत्र नाही, रोगी नाही. दौलत, मोज."

दौलतनं सवयीनं काडी उचलली, परातीत बघितलं आणि खाली ठेवली.

"मोज की."

"तेरा," तो पुटपुटला.

रंगूबाईनं रिंगणीचं एक पिवळं फळ फोडून सगळ्यांना दाखवलं. "योच तुमचा किडा. आमचे बांधाव या, पोतं भरून नेवा."

आता बाबांनी शेवटचा पत्ता टाकला. तो त्यांचा हुकमाचा होता. "ठीक आहे. बाईमाणसाशी मी वाद घालत नाही. पण मास्तर समोर बसलेत. मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा. माझ्याकडे आल्यावर तुमची कळ थांबली की नाही?"

हसणं बंद झालं. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. सुमतीबाईही. आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. मास्तरांनी नुसतं "थांबली" म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, आणि बाबा पुन्हा वर्षभर बसले असते, सळईसकट.

मास्तर उठले. "थांबली होती," ते म्हणाले. गर्दीत कुजबुज झाली. "पण ती..."

आणि कळ आली. शब्द तोंडातच राहिला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, डोळे मिटले, उजवा गाल थरथरला. लोकांनी ही कळ ऐकली होती, पाहिली नव्हती. बाबांचा सगळ्यात मोठा दाखला सगळ्यांसमोर वाकला होता. सुमतीबाई पुढे झाल्या, पण मास्तरांनी हातानं थांबवलं. अर्धं मिनिट गेलं असेल.

"पण ती यांनी थांबवली नव्हती," मास्तर सावकाश, ओठ फार न हलवता बोलू लागले. "आपली आपण थांबली, आपली आपण आली. याआधीही दोनदा अशीच थांबली होती. मी हे विसरलो, कारण मला विसरायचं होतं. दोन महिने मी तुम्हाला चुकीचं सांगत होतो. तुमच्यापैकी किती जण माझ्याकडे बघून इथं आलात, मला माहीत नाही. त्या सगळ्यांची मी माफी मागतो. दुखणाऱ्या माणसानं फसणं यात लाज नाही. कळल्यावरही फसलेलं राहणं, ही लाज आहे."

एवढं बोलून ते परातीपाशी गेले, पाण्यात बोटं बुडवली आणि डोळ्याखालचा ठिपका पुसून टाकला. पाण्याचा स्पर्श झाला तशी कळ पुन्हा येऊन गेली. त्यांनी ती उभ्यानंच सोसली. सुमतीबाईंचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी वरवंटा म्हातारीकडून परत घेतला.

दोन-चार तरण्यांनी बाबांच्या अंगावर जायचा पवित्रा घेतला. मास्तरांनी त्यांना अडवलं. "मारू नका. मारलंत तर ते दुसऱ्या गावात हुतात्मे होतील. ही परात आणि ही फळं मात्र जिथं जाल तिथं दाखवा." बाबांनी बोचकं आवरलं. रंगूबाई ओट्याच्या मागे गेली आणि काखेत कोंबडी घेऊन आली. कोंबडीनं एवढ्या दिवसांत तिथंच चार अंडी घातली होती, तीही तिनं ओच्यात घेतली.

पुढच्या सोमवारी दोघं कोपरीला गेले. नाडकर्णींनी पुन्हा तेच चार उपाय सांगितले, आणि पुन्हा खात्री दिली नाही. या वेळी मास्तरांनी पाटीवर ओळीनं प्रश्न लिहून आणले होते. किती जणांना गुण येतो? किती दिवस टिकतो? बिघडलं तर काय बिघडतं, आणि बिघडलेलं परत नीट होतं का? शेवटचा प्रश्न सुमतीबाईंचा होता, आणि त्यावरच सगळं ठरलं. जे उलटवता येतं ते आधी. म्हणून आधी गोळ्या, सहा आठवडे. नाही जमलं तर सुई. आणि सुईच्याही आधी काही तासांपुरता गाल बधिर करून बघायचा, तो सहन होतो का ते. ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

गोळ्यांनी कळ निम्मी झाली, पण मास्तर वर्गात डुलायला लागले. दिवाळीनंतर त्यांनी सुई घेतली. कळ गेली. उजवा गाल मात्र बधिर आहे. त्याला भाताचं शीत चिकटलेलं त्यांना कळत नाही, सुमतीबाई खूण करतात. वर्ष-दोन वर्षांत कळ परत येईल, तेव्हा बघू, असं मास्तर म्हणतात आणि तेवढा वेळ भरपूर बोलून घेतात. शेजारी तर म्हणतात, सुईचा डोस जरा जास्तच झाला.

परवा टिटवाळ्याहून मारुती नावाचा एक तरणा गडी गालावर हात धरून आला. त्यालाही असलीच कळ होती. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं आयकलं. तुम्हाला गुण आला ना? मग बस झालं. मी डोळे मिटून सुईच घेतो."

"बस झालं नाही," मास्तर म्हणाले. "गेल्या साली लोक असंच माझ्याकडे बघून धुराला बसले होते. माझ्या एकट्यावरून काही ठरवू नकोस. कुणी गुण आला म्हणालं, की ज्यांना आला नाही ती माणसं कुठं आहेत ते विचार. बाबाला विचार, डॉक्टरला विचार, मलाही विचार."

मारुतीनं नाडकर्णींचा पत्ता घेतला. उंबऱ्यापाशी तो घुटमळला. "डॉक्टरना पहिलं काय विचारू?"

सुमतीबाई आतून बाहेर आल्या. "या दुखण्यातलं तुम्हाला काय काय माहीत नाही, हे आधी विचार."

"आणि मला सगळं माहीत आहे म्हणाले तर?"

"तर उठून घरी ये," सुमतीबाई म्हणाल्या.